छत्री तीच, भाडं मात्र वाढलं: अमेरिका, जपान आणि बदलती जागतिक घडी

घाटपायथा

अमेरिकेच्या टॅरिफच्या (आयातशुल्काच्या) धाग्यावर गेले काही दिवस एकच पालुपद चाललंय. "जपानकडे बघा, निमूट १५ टक्क्यांवर सही करून मोकळा झाला. आपण ताणून धरलं आणि ऑगस्ट २०२५ ला ५० टक्के ओढवून घेतले." तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

माझं म्हणणं असं की जपान निमूट वगैरे अजिबात नाही. तो मान डोलावतो, पैसे मोजतो आणि त्याच वेळी गाजावाजा न करता दुसरी सोय लावायला घेतो. गेली पन्नास-पंचावन्न वर्षं त्याची हीच रीत आहे. अमेरिकेच्या अण्वस्त्र-छत्रीखालचा (म्हणजे हल्ला झाला तर आपल्या अण्वस्त्रांनिशी वाचवू या अमेरिकेच्या हमीखालचा) हा जुना भाडेकरू आहे. भाडं वाढलं म्हणून भांडत नाही, पण दुसरीकडे जागा बघणंही सोडत नाही.

आधी ताजा करार बघू. २२ जुलै २०२५ ला घोषणा झाली, ४ सप्टेंबरला सामंजस्य करारावर सह्या. मोटारींवरचं शुल्क २७.५ वरून १५ टक्के, आणि बदल्यात जपानने अमेरिकेत ५५० अब्ज डॉलर गुंतवायचे. आकडा सगळ्यांनी वाचला, कलमं फारशी कुणी वाचलेली दिसत नाहीत. पैसे कुठे लावायचे ते ठरवणार अमेरिकेचे अध्यक्ष. त्यांना शिफारस करणाऱ्या समितीचे प्रमुख अमेरिकेचेच वाणिज्यमंत्री. अध्यक्षांनी प्रकल्प निवडला की जपानने ४५ कामकाजी दिवसांत पैसे उभे करायचे. नाही म्हणायची मुभा आहे, पण मग अमेरिकेला टॅरिफ वाढवायची मुभा आहे. ठरलेली रक्कम वसूल होईपर्यंत मिळकत निम्मी-निम्मी, त्यानंतर ९० टक्के अमेरिकेची. आणि मुदत कधीपर्यंत? १९ जानेवारी २०२९. म्हणजे तात्यांच्या (ट्रम्प यांच्या) कारकिर्दीचा शेवटचा पूर्ण दिवस.

हे वाचून कुणालाही वाटेल की जपानने मान कापून दिली. पण जपानचे वाटाघाटी करणारे मंत्री आकाझावा जुलैतच घरच्या लोकांना काय सांगत होते? या ५५० अब्जांत प्रत्यक्ष भांडवली गुंतवणूक जेमतेम एक-दोन टक्के असेल, बाकी सरकारी बँकांची कर्जं आणि हमी. तिकडे तात्या हा आकडा सही केल्याबद्दलचा बोनस म्हणून मिरवत होते. दोघं एकाच कागदाबद्दल बोलत होते यावर विश्वास बसत नाही.

आता मागे जाऊ. १५ जुलै १९७१ ला अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी जाहीर केलं की आपण चीनला जाणार. वॉशिंग्टनच्या शब्दाखातर तोवर जपानने बीजिंगशी राजनैतिक संबंध ठेवले नव्हते, आणि पंतप्रधान सातोंना ही बातमी कळली घोषणेच्या जेमतेम काही मिनिटं आधी. महिन्याभरात, १५ ऑगस्टला, डॉलरची सोन्याशी असलेली गाठ सोडली आणि आयातीवर १० टक्के अधिभार लावला. तारीख बघा. जपानच्या शरणागतीचा दिवस. पुढच्या सप्टेंबरात सातोंच्या जागी आलेले काकुएई तानाका थेट बीजिंगला गेले आणि संबंध पूर्ववत करून आले. अमेरिकेला तिथवर पोचायला १९७९ चा १ जानेवारी उजाडला! धक्का अमेरिकेने दिला आणि चीनच्या दारात जपान सहा वर्षं आधी पोचला. १९७३ च्या तेलसंकटातही तेच. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री किसिंजर विनवण्या करत असताना जपानने नोव्हेंबरात अरबांच्या बाजूने निवेदन काढलं, कारण टाकी रिकामी होत होती.

१९८५ चा प्लाझा करार (डॉलर स्वस्त करण्यासाठीचा) सगळ्यांना माहीत आहे, त्यात फार अडकत नाही. डॉलरला २४० च्या आसपास असलेला येन दोन-अडीच वर्षांत १२०-१३० पर्यंत महागला. जपानी कंपन्यांनी मग कारखानेच थायलंड, मलेशियात नेले. आज ज्याला आशियाची पुरवठा साखळी म्हणतात तिचा बराचसा पाया तेव्हाचा.

२०१७ ला पदावर बसल्याबसल्या तात्यांनी टीपीपीतून (प्रशांत महासागराभोवतीच्या देशांच्या व्यापार करारातून) अंग काढलं. मोठा भिडू उठून गेला की डाव मोडतो, असाच सगळ्यांचा अंदाज होता. जपानचे तेव्हाचे पंतप्रधान आबे यांनी उरलेल्या दहा देशांना धरून ठेवलं, मार्च २०१८ ला चिलीत सह्या करून घेतल्या आणि वर्ष संपायच्या आत करार लागू झाला. पुढे ब्रिटनही त्यात आला. युरोपीय संघाशी वेगळा करार फेब्रुवारी २०१९ पासून.

आताही तेच चाललंय. लढाऊ विमान ब्रिटन आणि इटलीबरोबर, २०३५ चं लक्ष्य धरून. एकमेकांच्या देशात फौजा नेण्या-आणण्याचे करार ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, फिलिपिन्सशी. ऑगस्ट २०२५ ला ऑस्ट्रेलियाने ११ युद्धनौकांसाठी जपानच्या मोगामी बनावटीची निवड केली. कितीतरी दशकं शस्त्रविक्रीपासून लांब राहिलेला देश हा!

लांबलं. हाणा आता.

---

ठसकेबाज

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

२०१६ ला आबेंनी तात्यांना सोनेरी गोल्फ-काठी दिली. ऑक्टोबर २०२५ ला नव्या पंतप्रधान ताकाइचीबाईंनी आबेंचीच जुनी काठी दिली, वर सोन्याचा वर्ख लावलेला चेंडू. दुसरी सोय वगैरे ठीक आहे हो, पण पहिली सोय टिकवायला अख्खा देश गोल्फ शिकला.

---

कोपऱ्यातला

धागा अभ्यासपूर्ण, पण निष्कर्ष मान्य नाही.

घाटपायथा, तुमची बहुतेक उदाहरणं व्यापाराची आहेत. व्यापारात पर्याय निघतातच. संरक्षणात काय पर्याय आहे ते सांगा. जपानच्या शेजारी तीन देश अण्वस्त्रधारी: चीन, रशिया, उत्तर कोरिया. जपानकडे एकही अस्त्र नाही आणि १९६७ पासून तीन तत्त्वं आहेत की बाळगणार नाही, बनवणार नाही, येऊ देणार नाही. (यातलं तिसरं कागदावरच. ज्या सातोंनी ती तत्त्वं मांडली आणि पुढे १९७४ चं शांततेचं नोबेल घेतलं, त्यांनीच १९६९ ला निक्सनबरोबर गुपचूप लिहून दिलं होतं की आणीबाणीत ओकिनावात अण्वस्त्रं आणायला हरकत घेणार नाही.)

साधारण ५४ हजार अमेरिकन सैनिक जपानात आहेत. अमेरिकेने आपली विमानवाहू नौका कायमची परदेशात ठेवली आहे ती एकट्या योकोसुकाला. ब्रिटन-इटलीबरोबरचं विमान २०३५ ला येईल तेव्हा येईल. तोवर उड्डाण अमेरिकन एफ-३५ चंच, आणि दूरवर मारा करायचा तर ४०० टोमाहॉक क्षेपणास्त्रं, तीही अमेरिकेकडूनच विकत. २०२२ च्या डिसेंबरात पाच वर्षांसाठी ४३ लाख कोटी येनचा संरक्षणखर्च जाहीर झाला, त्यातून होणारी बरीच मोठी खरेदी अमेरिकन आहे. तुम्ही जिला दुसरी सोय म्हणता ती पहिल्याच घरातली माडी आहे.

नोव्हेंबर २०२५ ला काय झालं बघा. ७ तारखेला ताकाइची संसदेत बोलून गेल्या की तैवानवर बळाचा वापर झाला तर जपानच्या अस्तित्वालाच धोका ठरू शकेल अशी ती स्थिती असू शकते. आबेंच्या २०१५ च्या कायद्यात हीच अट आहे. ती लागू झाली की स्वतःवर हल्ला नसतानाही जपानी सैन्य मित्रदेशासाठी लढू शकतं. योनागुनी बेटापासून तैवान ११० किलोमीटर. म्हणजे त्या चूक बोलल्या असं नाही, फक्त आजवर कुठल्या पंतप्रधानाने हे उघड म्हटलं नव्हतं. चीन उसळला. नागरिकांना जपानला जाऊ नका म्हणून सांगितलं, मासळी बंद केली. आणि छत्रीचा मालक? त्याने आधी शी जिनपिंगशी फोनवर बोलून घेतलं, मग टोकियोला फोन लावला.

---

बेरीज_वजाबाकी

दोघांच्या मधली एक गोष्ट: पैसा.

अमेरिकन सरकारचे रोखे परदेशात सर्वात जास्त कुणाकडे आहेत? जपानकडे, १.१ लाख कोटी डॉलरहून जास्त. चीनला मागे टाकून २०१९ पासून पहिला नंबर. १९९७ च्या जूनमध्ये पंतप्रधान हाशिमोतो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भाषणानंतर सहज बोलून गेले की हे रोखे मोठ्या प्रमाणात विकायचा मोह आम्हाला अनेकदा झालाय. वॉल स्ट्रीट त्या दिवशी गडगडलं. २०२५ च्या मे महिन्यात अर्थमंत्री कातोंना टीव्हीवर विचारलं, वाटाघाटीत हा पत्ता आहे का? ते म्हणाले, आहे; वापरायचा की नाही हा वेगळा प्रश्न. दोन दिवसांत खुलासा: विकायचा विचार नाही.

आता या पत्त्याची गंमत अशी की तो नुसता दाखवता येतो. खरंच विकायला काढले तर रोख्यांचा भाव पडणार आणि उरलेले रोखे स्वतःचेच. विकलेल्या डॉलरचे येन केले की येन महागणार आणि मोटारींची निर्यात आडवी होणार. शिवाय त्यांच्या विमा कंपन्या, पेन्शन फंड सगळे यात अडकलेले. एप्रिलमध्ये टॅरिफच्या घोषणेनंतर अमेरिकन रोखे आपले आपण गडबडले तेव्हा तात्यांनी आठवड्याभरात ९० दिवसांची स्थगिती दिली, हे मात्र टोकियोतल्या लोकांनी नीट टिपून ठेवलं असणार.

५५० अब्जांच्या कर्ज आणि हमीबद्दल घाटपायथा यांच्याशी सहमत. पण एक भर घालतो. जपानच्या परकीय गंगाजळीत साधारण १.३ लाख कोटी डॉलर आहेत. कर्ज म्हटलं तरी तीन-साडेतीन वर्षांत ५५० अब्ज ही त्यांच्यासाठीसुद्धा चेष्टा नाही.

---

नागोयाची वहिनी

वाचतेय. धोरणातलं मला कळत नाही, पण इकडे राहून जे दिसतं ते लिहिते.

नवरा मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका लहान कंपनीत आहे. आमच्या भागात जवळपास सगळ्यांचंच पोट या ना त्या मार्गाने मोटारींवर. एप्रिल २०२५ ला टॅरिफ लागलं तेव्हा मला वाटलं होतं गाड्या अमेरिकेत महागतील. तसं फारसं झालं नाही. मोठ्या कंपन्यांनी निर्यातीचे भाव उतरवून बराचसा भार आपल्या अंगावर घेतला. आणि मोठ्यांनी घेतलेला भार पुढे कुठे सरकतो हे चाकण-तळेगावच्या लोकांना सांगायला नको. पुरवठादारांची बैठक होते, कुणी आवाज चढवत नाही, चहा येतो, आणि "खर्चात अजून थोडी सुधारणा करता येईल का" असं विचारलं जातं. नवरा म्हणतो, त्यापेक्षा ओरडले तर बरं.

दुसरं तांदळाचं. २०२५ च्या मध्यापर्यंतच्या वर्षभरात इथे तांदूळ जवळजवळ दुप्पट महाग झाला. त्या मे महिन्यात तेव्हाचे शेतीमंत्री एतो म्हणाले, मी कधी तांदूळ विकत घेतलाच नाही, समर्थक आणून देतात. गेली खुर्ची. जूनमध्ये आमच्या सुपरमार्केटात कॅलिफोर्नियाचा कालरोझ दिसायला लागला, तेव्हा शेजारच्या आजी पिशवी हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट बघत होत्या. मग ठेवून दिली. पुढच्या आठवड्यात घेतली.

जुलैच्या करारात अमेरिकन तांदूळ ७५ टक्क्यांनी वाढवून घेऊ असं कबूल केलंय. पण जपान दरवर्षी शुल्काशिवाय सुमारे ७ लाख ७० हजार टन परदेशी तांदूळ घेतो, त्या कोट्यातच ही वाढ बसवायची. कोटा तेवढाच. म्हणजे अमेरिकेचं वाढलं ते दुसऱ्या कुणाचं तरी कमी होणार. शेतकऱ्यांना सांगितलं, तुमचं काही गेलं नाही. घाटपायथा म्हणतात ते इथे मला पटतं.

---

ठसकेबाज

वहिनी, इंद्रायणी पाठवू का?

---

पिंपळपार

सगळे टोकियो आणि वॉशिंग्टनबद्दल बोलताय. छत्रीचं भाडं प्रत्यक्षात कोण भरतं त्याबद्दल दोन शब्द.

८ सप्टेंबर १९५१ ला सॅन फ्रान्सिस्कोत शांतता करार झाला आणि त्याच दिवशी, त्याच गावात, संरक्षण करार. जपानला स्वातंत्र्य मिळालं, पण अमेरिकन फौजा राहणार या अटीवर, आणि ओकिनावा अमेरिकेच्याच ताब्यात. भारताने त्या परिषदेला जायचं नाकारलं होतं. नेहरू सरकारने २३ ऑगस्टला अमेरिकेला पाठवलेल्या पत्रातले आक्षेप आज वाचले तर चकित व्हायला होतं: र्‍युक्यू बेटं (म्हणजेच ओकिनावा) जपानपासून तोडू नका, फौजा ठेवायच्या की नाही ते स्वतंत्र झाल्यावर जपानला ठरवू द्या, चीनला बाहेर ठेवून टिकणारी व्यवस्था होणार नाही. आपण मग ९ जून १९५२ ला वेगळा तह केला आणि युद्धाची नुकसानभरपाई सोडून दिली. त्या काळच्या परराष्ट्र धोरणाला भाबडं म्हणायची फॅशन आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं.

ओकिनावा परत मिळालं १५ मे १९७२ ला. तोवर तिथे डॉलर चालायचा, टोकियोला जायला पासपोर्टसारखे कागद लागायचे आणि गाड्या अमेरिकन पद्धतीने उजवीकडून धावायच्या. डावीकडून चालायला लागल्या त्या ३० जुलै १९७८ ला, एका रात्रीत.

आज देशाच्या ०.६ टक्के जमिनीवर, म्हणजे ओकिनावात, फक्त अमेरिकन सैन्यासाठी राखलेल्या जागेपैकी सुमारे ७० टक्के जागा आहे. फुतेन्माचा हवाईतळ गिनोवान शहराच्या अगदी मधोमध. कुंपणाला लागून प्राथमिक शाळा. १३ डिसेंबर २०१७ ला तिच्या मैदानात हेलिकॉप्टरची खिडकी पडली, चौकटीसकट, सात-आठ किलोची. पोरं खेळत होती, पन्नासच्या वर. नशीब, कुणाच्या डोक्यात पडली नाही. पुढचे कितीतरी महिने त्या शाळेत नियम होता: विमान जवळ आलं की माणूस ओरडणार आणि मुलांनी खेळ टाकून आडोशाला पळायचं. शेकडो वेळा पळाली.

हा तळ हलवायचं १९९६ ला ठरलं, १९९५ ला तीन अमेरिकन सैनिकांनी बारा वर्षांच्या मुलीवर अत्याचार केल्यानंतर जनक्षोभ उसळला म्हणून. हलवायचा कुठे, तर ओकिनावातच, हेनोकोला, समुद्रात भराव घालून. २०१९ च्या सार्वमतात ७० टक्क्यांहून जास्त मतं विरोधात पडली. काम चालूच आहे.

तेव्हा जपान शहाणपणाने भाडं भरतो म्हणताना कुणाच्या खिशातून, हेही लिहा.

---

घाटपायथा

पिंपळपार, हा प्रतिसाद स्वतंत्र धाग्याच्या तोडीचा आहे. भाड्याचा खर्च मी येनमध्ये मोजत होतो. ओकिनावाला घेतल्याशिवाय हिशोब अर्धाच, कबूल.

कोपऱ्यातला यांना मात्र उत्तर देतो. संरक्षणात पर्याय नाही, मान्य. पण दिशा बघा. १९८० च्या दशकात जपानला स्वतःचं लढाऊ विमान बनवायचं होतं. अमेरिकेने दबाव आणून एफ-१६ वर बेतलेलं बनवायला लावलं, आणि करार झाल्यावर १९८९ ला अमेरिकन काँग्रेसने अटी पुन्हा उघडायला लावल्या. त्याच सुमारास काही खासदारांनी संसदेबाहेरच्या हिरवळीवर तोशिबाचा रेडिओ घणांनी फोडला होता, तो फोटो बऱ्याच जणांनी पाहिला असेल. (तोशिबाच्या उपकंपनीने पाणबुड्यांचे पंखे घडवायची यंत्रं सोव्हिएत रशियाला विकली होती, त्यामुळे राग अगदीच अनाठायी नव्हता.) त्या वेळच्या जपानने मान खाली घातली. आज तोच देश नवीन विमान अमेरिकेला वगळून बनवतोय आणि वॉशिंग्टनने तक्रार केली नाही. हा फरक मला छोटा वाटत नाही.

आणि "आम्ही जपानला वाचवायचं, जपानने आम्हाला नाही" ही तात्यांची तक्रार. १९६० च्या कराराचं पाचवं कलम जपानच्या बचावाचं, सहावं कलम अमेरिकेला पूर्वेकडच्या कामांसाठी तळ वापरू देणारं. व्हिएतनामला जाणारी बी-५२ बाँबफेकी विमानं ओकिनावातून उडत होती. फुकट कुणालाच काही मिळत नाहीये.

---

कोपऱ्यातला

अमेरिकेने तक्रार केली नाही कारण तिला आता हवंच आहे की जपानने जास्त खर्च करावा. ताकाइचींनी संरक्षणखर्च जीडीपीच्या २ टक्के करायचं लक्ष्य २०२७ ऐवजी २०२५ च्याच आर्थिक वर्षात गाठायचं ठरवलं, तात्या टोकियोत उतरायच्या तीन दिवस आधी. योगायोग म्हणायचा?

जपानातल्या अमेरिकन तळांच्या खर्चात जपानने उचलायच्या वाट्याचा करार मार्च २०२७ ला संपतोय. पाच वर्षांचे सुमारे १.०५ लाख कोटी येन. त्या टेबलावर तात्याच समोर असतील. तुमची दुसरी सोय तिथे कितपत कामाला येते बघू.

---

निशिगंध_२

भाबडा प्रश्न. या सगळ्यात भारत कुठे बसतो? ऑगस्टात आपल्यावर ५० टक्के लागले आणि दोनच दिवसांनी मोदी टोकियोत होते.

---

घाटपायथा

तारीख आधीच ठरलेली असणार, पण वेळ छान साधली गेली. दहा वर्षांत १० लाख कोटी येन खासगी गुंतवणुकीचं लक्ष्य ठेवलंय. आपल्याला जपान मुख्यतः कर्जातून माहीत आहे: मेट्रो ३, अटल सेतू, आणि रेंगाळलेली बुलेट ट्रेन, तिघांनाही जपानी सरकारी कर्ज. संरक्षणात मात्र गाडी बैलगाडीच्या वेगाने. समुद्रावर उतरणारं यूएस-२ विमान घ्यायच्या चर्चेला दशक उलटलं, आलं काही नाही. नोव्हेंबर २०२४ ला युद्धनौकांवरच्या अँटेनाच्या खांबाचा एक करार झाला, एवढीच ठोस हालचाल. जपानला आपण आवडतो, पण रशियन तेल आणि शस्त्रांमुळे थोडा हात राखून. तसा रशियाच्या सखालिन बेटाचा वायू जपानही सोडत नाही!

---

नागोयाची वहिनी

मासळीचा विषय वर निघाला म्हणून. इथे बातम्यांत होक्काइदोच्या स्कॅलपवाल्यांना दाखवतात, पंख्यासारखे मोठे शिंपले असतात ते. हा माल पूर्वी चीनला जायचा, तिथे सोलून बराचसा अमेरिकेला. ऑगस्ट २०२३ ला फुकुशिमाचं पाणी सोडल्यावर चीनने जपानी मासळी बंद केली. तेव्हा अमेरिकेने आपल्या इथल्या तळांसाठी स्कॅलप विकत घेतले, राजदूतांनी फोटो काढून घेतले. खप तेवढ्याने भागण्यासारखा नव्हताच. मग सोलायचं काम व्हिएतनाम, मेक्सिकोला नेलं आणि तिथून अमेरिकेत माल जायला लागला. २०२५ ला अमेरिकेने टॅरिफ लावलं. जूनमध्ये चीनने बंदी थोडी उठवली, नोव्हेंबरच्या सुरुवातीला होक्काइदोहून पहिला माल गेला, आणि ताकाइची बोलल्या तशी दोन आठवड्यांत पुन्हा बंद.

परवा दुकानात तेच स्कॅलप सवलतीत होते. घेतले, आमटीसारखं कालवण केलं. नारळ मिळाला नाही, डब्यातलं दूध घातलं.